भरवसा बरा की कुरकुर बरी? मुंबई इंडियन्सच्या नव्या चाहत्यासाठी

आयपीएलमधल्या खेळाडूंचा लिलाव जवळ आला की आमच्या घरात दोन पंगती बसतात. एक म्हणते, संघ चालवणाऱ्यांना कळतं, ते बघून घेतील. दुसरी म्हणते, एवढं कळतं तर २०२० नंतर कप का नाही आला? तुम्ही यंदा पहिल्यांदाच मुंबई इंडियन्स मनावर घेणार असाल आणि कुठे बसावं ते ठरत नसेल, तर मी दोन्हीकडे जेवून आलोय. मला काय मानवलं ते सांगतो. आरटीएम (दुसऱ्याच्या बोलीइतके पैसे देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायची सोय) म्हणजे काय, पर्स (लिलावात खर्चायची ठरलेली रक्कम) कशी मोजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

२००८ पासून २०२१ पर्यंत मी भरवशाच्या पंगतीत होतो. तेवढ्यात पाच कप आले, कुरकुर करायला तोंड रिकामं तरी कुठे होतं? २०२२ चा मेगा लिलाव, म्हणजे जवळपास सगळा संघ नव्याने उभा करायचा मोठा लिलाव, झाला आणि मी उठून पलीकडे गेलो. मध्ये २०२५ मध्ये संघ ओळीने जिंकायला लागला तेव्हा लाजत लाजत परत अलीकडे आलो होतो, पण ते टिकलं नाही. माझा मेहुणा मात्र पहिल्या दिवसापासून जागचा हललेला नाही. तो ठाण्याला राहतो आणि बहुतेक मॅच आमच्याकडे डोंबिवलीला येऊन बघतो. भरवशाची बाजू मी त्याच्याच तोंडून सांगणार, कारण इतक्या मनापासून ती मांडणारा माणूस माझ्या माहितीत दुसरा नाही.

ही बाजू कच्ची आहे असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. मेहुण्याची यादी बुमरापासून सुरू होते. मुंबईचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी गुजरातच्या एका विचित्र ॲक्शनच्या पोराला हेरलं, २०१३ मध्ये खेळवलं, आणि पहिल्याच सामन्यात त्याने कोहलीला बाद केलं. मग हार्दिक पंड्या, २०१५ ला १० लाखांत. तिलक वर्मा, २०२२ ला १ कोटी ७० लाखांत. केरळच्या सीनियर संघाकडून एकही सामना न खेळलेला विघ्नेश पुथूर, ३० लाखांत, आणि पदार्पणातच चेन्नईचे तीन बळी, त्यात आपला पुण्याचा ऋतुराज. आठवड्याभराने वानखेडेवर अश्वनी कुमार आला, तोही ३० लाखांचा, आणि पहिल्याच सामन्यात कोलकात्याचे चार गडी घेऊन गेला. ही माणसं टीव्हीवर बघून सापडत नाहीत. त्यासाठी कुणीतरी जिल्ह्या-जिल्ह्यांतली मैदानं तुडवत हिंडलेलं असतं. इथे माझी कुरकुर बंद पडते, हे मान्य करतो.

दुसरा मुद्दा धीराचा. २०१५ मध्ये पहिले चार सामने हरले आणि तरी कप आणला. २०१४ मध्ये तर पहिले पाच. त्या वर्षीचा राजस्थानविरुद्धचा शेवटचा सामना आठवतो ना, बाद फेरी गाठायला १९० धावा १४.३ षटकांत हव्या होत्या? मी तेव्हा भरवशाचाच होतो, पण तो भरवसा काही अंधळा नव्हता. निम्मी षटकं झाल्यावर टीव्ही बंद केला आणि भाजी आणायला गेलो. पिशवीत भेंडी पडत असताना मेहुण्याचा फोन: ‘भावोजी, कुठे आहात? तरेने सिक्स मारली!’ कोरी अँडरसनच्या ४४ चेंडूंतल्या नाबाद ९५ मी आजवर फक्त पुनःप्रक्षेपणात बघितल्यात. भरवसा ठेवणारा शेवटपर्यंत जागेवर बसून राहतो, आणि ज्या दिवशी चमत्कार होतो त्या दिवशी तो हजर असतो. टीकाकार त्या वेळी भाजीच्या गाडीपाशी असतो.

शिवाय झोप चांगली लागते. लिलावाच्या दिवशी मेहुणा दुपारचं जेवून वामकुक्षी काढतो आणि उठल्यावर विचारतो, ‘कोण कोण घेतला?’ माझ्या बायकोला ही पद्धत जास्त पसंत आहे. तिच्या मते घरात एकाच वेळी दोन माणसांनी टीव्हीशी भांडायची गरज नसते.

आता कुरकुर.

कुरकुरीला वाईट नाव आहे, पण मुंबईत ती बाहेरून आलेली नाही. या शहराने ४२ वेळा रणजी जिंकली आणि प्रत्येक वेळी संघ जाहीर झाल्यावर ‘ह्याला का घेतला आणि त्याला का वगळला’ यावर चहाचे कप रिते केले. खडूस हा शब्द आपण कौतुकाने वापरतो तो काही उगाच नाही. माझ्या सकाळच्या लोकलमधला ग्रुप या परंपरेतला. ठाणे येईपर्यंत यष्टिरक्षक बदललेला असतो, घाटकोपरपर्यंत कर्णधार. तिथे मी जे शिकलो ते असं, की कुरकुर करायची तर हिशेब पाठ हवा. नुसतं ‘मॅनेजमेंट बेकार आहे’ म्हणणाऱ्याला त्या डब्यात बसायला जागा मिळत नाही.

त्यातला एक हिशेब मला तोंडपाठ आहे, तो तुम्हालाही देऊन ठेवतो. ट्रेंट बोल्ट, न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज. २०२० च्या हंगामाआधी दिल्लीकडून मुंबईत आला. त्या वर्षी २५ बळी, अंतिम सामन्यात पहिल्याच चेंडूवर स्टॉइनिस बाद आणि सामनावीर. २०२२ ला नियमाने चारच जण ठेवता येत होते: रोहित, बुमरा, सूर्या, पोलार्ड. ठीक आहे, बोल्ट त्यात बसत नव्हता, त्याबद्दल तक्रार नाही. लिलावात तो ८ कोटींना राजस्थानकडे गेला. आणि मुंबईने त्याच लिलावात ८ कोटींनाच कुणाला घेतलं? इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चरला, जो दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणारच नव्हता, आणि हे घेताना त्यांना माहीत होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. मुंबई पहिले आठ सामने हरली आणि दहाव्या क्रमांकावर राहिली.

मेहुणा म्हणाला, ‘पुढच्या वर्षीसाठी घेतलाय, बुमरा आणि आर्चर एकत्र, कल्पना करा!’ मी कल्पना केली. पुढच्या वर्षी बुमरा पाठीच्या दुखण्याने संपूर्ण हंगाम बाहेर, आर्चर पाच सामने खेळला, दोन बळी घेऊन घरी गेला आणि नंतर संघाने त्याला सोडून दिलं.

हिशेब इथे संपत नाही. १ एप्रिल २०२४, वानखेडे, राजस्थान. नवा चेंडू बोल्टच्या हातात. रोहित पहिल्या चेंडूवर गेला, नमन धीर पहिल्या चेंडूवर, ब्रेव्हिस पहिल्या चेंडूवर. तिघेही बोल्टचे. पाहता पाहता ४ बाद २०. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात मुंबईने बोल्टला परत घेतला, १२ कोटी ५० लाखांना. त्याच दिवशी राजस्थानने आर्चरला घेतला, तोही १२ कोटी ५० लाखांना. म्हणजे तीन वर्षांनी दोघे एकमेकांच्या जागी, भावही सारखाच. २०२५ ला बोल्टने २२ बळी घेतले तेव्हा मी खूश झालो, नाही असं नाही, पण प्रत्येक बळीला मनात येत होतं की हे मधली तीन वर्षंही आपलेच असू शकले असते.

कुरकुरीची मजा यात आहे. एकेका खरेदीमागची तीन-चार वर्षांची गोष्ट दिसायला लागते. नुसता स्कोअर बघणाऱ्याला ते कळत नाही.

पण तिची एक घाण बाजू आहे आणि ती मी जवळून बघितली आहे. तोच १ एप्रिलचा सामना, मी स्टेडियममध्ये होतो. नाणेफेकीला हार्दिक आला आणि जे सुरू झालं ते तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेलच. संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागा असं सांगावं लागलं. रोहितला काढून हार्दिकला कर्णधार करायचा निर्णय डिसेंबरमध्ये कुठल्यातरी ऑफिसात, बंद दाराआड झाला होता. पुढच्या काळाची तयारी म्हणून तो जाहीर केला गेला. आमचा राग त्या दारावर होता. पण दाराला कान नसतात. ऐकू गेलं ते मैदानात उभ्या असलेल्या माणसाला, आणि त्या दिवशी मुंबईकडून सर्वात जास्त धावाही त्यानेच केल्या, ३४. मी ओरडलो का? पहिल्यांदा ओरडलो. नंतर रोहित स्वतः सीमेजवळून हाताने गप्प बसा अशी खूण करत होता तेव्हा गप्प बसलो.

तीन महिन्यांनी, ४ जुलैला, त्याच वानखेडेत त्याच हार्दिकच्या नावाचा गजर झाला, कारण बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्याने टाकलं होतं. मी मरीन ड्राइव्हवर पावसात, गर्दीत अडकलो होतो, आत पोचलोच नाही. त्यामुळे तो गजर मी केला असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

टीकेचं हे असं आहे. ऑफिसवर सोडलेला बाण हमखास खेळाडूला लागतो. मालकाला निवडून द्यायचं नसतं, काढायचंही नसतं. आपल्या हाती ना मत ना शेअर, आपण फक्त जर्सी विकत घेतो. मेहुणा म्हणतो की मग कुरकुर करून मिळतं काय? प्रश्न बरोबर आहे. मिळत काही नाही.

तरीही माझं पारडं जे कलंडलं ते एका वाक्याने. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण रोज पायात रुतणारा खडासुद्धा क्षुल्लकच असतो.

४ एप्रिल २०२५, लखनऊ. मुंबई पाठलाग करतेय. ७ चेंडूंत २४ हव्यात. तिलक वर्मा २३ चेंडूंत २५ वर अडखळतोय हे खरं. आणि अचानक तो चालायला लागतो. दुखापत नाही, बाद नाही. ‘रिटायर्ड आउट’, म्हणजे संघानेच त्याला माघारी बोलावलं. त्याच्या जागी मिचेल सँटनर. डगआउटमध्ये सूर्यकुमारचा चेहरा बघा, प्रशिक्षक जयवर्धने वाकून त्याची समजूत काढतायत. मी सोफ्यावरून उठून उभा. ‘अरे, सँटनर? तिलकच्या जागी सँटनर?’

मेहुणा शेंगदाण्याचं साल काढत शांतपणे म्हणाला, ‘भावोजी, त्यांनी काहीतरी विचार केला असेल.’

शेवटच्या षटकात हार्दिकने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. मग एका चेंडूवर सहज एक धाव होती, ती त्याने घेतली नाही, स्ट्राइक स्वतःकडे ठेवला. म्हणजे ज्याला फटके मारायला मुद्दाम आत आणला, त्याला फटके मारायला चेंडूच द्यायचा नाही. १२ धावांनी हरलो. मी वळून बघितलं. मेहुणा म्हणाला, ‘काहीतरी विचार असेल.’

कसला विचार? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. सँटनरचा लेगसाइडचा फटका तिलकपेक्षा बरा आहे का? समोर कोण टाकणार होतं याचा अंदाज होता का? कदाचित यातलं काही असेलही. मी चुकत असेन. पण त्या वाक्याने बोलणंच संपतं. ते वाक्य म्हणजे मॅच संपायच्या आधी घातलेला टेबलावरचा फडका. आर्चर घेतला, काहीतरी विचार असेल. टॉस जिंकून उलटंच काहीतरी केलं, असेल काही. चौदा वर्षं मीही हेच बोलत होतो, आणि आता समोर बसून ऐकल्यावर कळलं की समोरच्याला हे ऐकताना कसं वाटत असेल. मॅच बघण्यातला निम्मा आनंद मला बोलण्याचा आहे. भरवसा माझ्याशी बोलत नाही. तो मान डोलावतो.

न्यायाने सांगायचं तर त्यानंतर काय झालं तेही सांगतो. आणखी एक सामना हरलो, मग ओळीने सहा जिंकलो. मेहुण्याने प्रत्येक विजयानंतर फक्त ‘बघा’ एवढं म्हटलं, आणि सहावा ‘बघा’ ऐकून मी भरवशाच्या पंगतीत जाऊन बसलोही. ते क्वालिफायर दोनपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या अलीकडच्या सामन्यापर्यंत. अहमदाबादला २०३ केल्या. पहिली बॅटिंग करून दोनशेच्या वर गेल्यावर मुंबई त्याआधी आयपीएलमध्ये कधीच हरली नव्हती, म्हणून मी रात्री उशिरा कुल्फी काढायला सांगितली. श्रेयस अय्यरने नाबाद ८७ करून पंजाबला षटकभर आधीच जिंकून दिलं. सोमवारी सकाळच्या गाडीत कुणी आवाज चढवला नाही. एकजण खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाला, ‘शिवाजी पार्कात वाढलेला पोरगा.’ श्रेयस, यशस्वी, शिवम दुबे: मुंबईचे असूनही मुंबईत नसलेले. ही यादी त्या डब्यात दर वर्षी वाचली जाते, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं की अख्खं शहर एका पर्समध्ये मावत नाही. तेही खरं आहे. वाद तिथेच थांबतो आणि पुढच्या स्टेशनला परत सुरू होतो.

मधला मार्ग आहे का? लोक सांगतात: टॉस होईपर्यंत हवी तेवढी टीका, टॉसनंतर फक्त पाठिंबा. ऐकायला सुरेख. मी एक अख्खा हंगाम करून बघायचं ठरवलं. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या षटकाला पार्टटायमर, म्हणजे कामचलाऊ गोलंदाज, आणला आणि नियम मोडला. तुमच्यात संयम असेल तर करून बघा, मला कुणी जमवलेलं दिसलं नाही.

माझा आत्येभाऊ बंगळुरात नोकरीला आहे आणि बंगळुरूच्याच संघाचा चाहता आहे, त्याची गोष्ट भरवशाच्या बाजूने मांडली जाते म्हणून सांगतो. अठरा हंगाम त्याने दर मार्चमध्ये यंदा कप आपलाच असं सांगितलं, आणि ३ जून २०२५ ला तो खरा ठरला. मी त्याला विचारलं, मधल्या सतरा वर्षांत तुला काय वाटायचं? म्हणाला, ‘मजा यायची रे, दर वर्षी दोन महिने.’ याला उत्तर नाही. पण मला तसं जमलं नसतं. मला सातव्या वर्षीच कोण घेतलं, का घेतलं, किती लाखांना घेतलं हे विचारायचं झालं असतं.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. दिवसभर कामाच्या ठिकाणी कुणीतरी तुमच्याशी वाद घालतच असेल आणि संध्याकाळी निवांतपणा हवा असेल, तर भरवसा घ्या. घरात लहान मुलं असतील आणि त्यांना संघावर प्रेम करायला शिकवायचं असेल, तरी भरवसाच. २०२४ सारखं वर्ष आलं, चौदातले चार सामने जिंकून दहावा क्रमांक, तर त्यात तगून राहायलाही तोच उपयोगी. पण तुम्हाला गप्पा लागत असतील, आकडे लक्षात राहत असतील, आणि खेळाडूवर आणि ऑफिसवर वेगवेगळं रागावता येत असेल, तर कुरकुरीची चव घेऊन बघा. शेवटची अट महत्त्वाची आहे. ती पाळता येत नसेल तर नको. मलाच सगळ्या वेळी पाळता आली नाही, ते वर सांगितलंच.

नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट सांगतो. ट्रेडची, म्हणजे संघांनी लिलावाबाहेर आपसात घेतलेल्या खेळाडूंची, यादी आली त्या दिवशी मेहुण्याचा फोन. ‘भावोजी, शार्दूल आला! दोन कोटींत! पालघरचा पोरगा शेवटी आपल्याकडे!’

आनंद मलाही झाला. लोकलने किटबॅग घेऊन सराव करायला येणाऱ्या पोराबद्दल माझ्या गाडीतल्या कुणाला जिव्हाळा नाही? पण सवयीने विचारलंच, ‘बोल्ट, बुमरा, दीपक चहर असताना ह्याला ओव्हर कुठल्या देणार?’

पलीकडे जरा शांतता. मला ते वाक्य ऐकायची तयारी होती.

‘काहीतरी विचार केला…’ म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, ‘थांबा हां. हार्दिक चार टाकणार नसेल त्या दिवशी? आणि आठव्या नंबरला बॅटिंग? दीपकचं पाऊल परत दुखलं तर?’

‘मग इम्पॅक्ट प्लेअर कोण?’ सामन्यात मध्येच उतरवायच्या बदली खेळाडूबद्दल मी विचारलं.

‘तेच म्हणतोय मी…’

पाऊण तास झाला तेव्हा बायकोने येऊन माझं ताट झाकून ठेवलं.